मुंबई–काठमांडू, लखनौमार्गे

विमान ढगांच्या वर आलं, पट्टे सोडायची खूण झाली आणि डोक्यावरच्या छतातून माझ्या मुलीचा आवाज आला.

आधी इंग्रजीत, मग हिंदीत आणि शेवटी, आमची चाळीस जणांची यात्रा मागे बसलीय हे तिला ठाऊक होतं म्हणून, मराठीत. “नमस्कार. मी कॅप्टन उर्मिला नलवडे. मुंबई ते काठमांडू हे अंतर हवाई मार्गानं साधारण सोळाशे किलोमीटर आहे. पोचायला पावणेतीन तास लागतील. काठमांडूवर आज ढग आहेत, जवळ गेल्यावर पुन्हा सांगेन. तोवर निवांत बसा.”

घरात ती अशी बोलत नाही. घरात तिचं बोलणं आईवर गेलेलं, भराभर आणि अर्धं वाक्य गिळून टाकणारं. हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. सावकाश, स्वच्छ, कुठं घाई नाही. मी खिडकीशी बसलो होतो. माझ्या शेजारी मिरजेचे सबनीस वकील आणि त्यांच्या पलीकडे त्यांच्या पत्नी मालतीबाई. आमची ओळख आदल्या दिवशीच, यात्रेच्या गाडीत झालेली, माझं आडनाव त्यांनी अजून विचारलेलं नव्हतं. वकिलांनी पेपर खाली केला आणि म्हणाले की, बाई चालवतेय वाटतं विमान. मालतीबाई पुढं वाकून म्हणाल्या, “कुणाची लेक असेल हो? काय वाटत असेल तिच्या आईबापाला!”

मी तोंड खिडकीकडे फिरवलं. हवाई सुंदरीनं दिलेलं पाणी एका दमात पिऊन टाकलं. ओठांवर आलेलं मागं ढकलायला दुसरा उपाय नव्हता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी गडहिंग्लज डेपोचा एस.टी. ड्रायव्हर. निवृत्त झालो तोवर बहुतेक नोकरी सावंतवाडीच्या गाडीवर, म्हणजे आंबोलीच्या घाटात गेली. उर्मी माझी एकुलती एक. नववीत असताना शाळेची सहल बेळगावला गेली होती, तेव्हा सांबऱ्याच्या विमानतळाच्या कुंपणाबाहेरून तिनं विमान उतरताना पाहिलं. घरी येऊन म्हणाली, “आबा, मला ते चालवायचंय.” मी जेवत होतो. म्हटलं, “चालव की.” माझा वाटा एवढाच. पुढचं सगळं तिचं तिनं केलं. शिष्यवृत्ती मिळवली, विदर्भातल्या एका फ्लाइंग क्लबात उन्हाळे काढले, परीक्षा दिल्या, पडली, परत दिल्या. मुंबईच्या एका विमान कंपनीत लागली, आणि मी यात्रेला निघालो त्याच्या आदल्या वर्षी डावीकडच्या खुर्चीवर बसली. डावी खुर्ची म्हणजे कॅप्टनची, हे मला तिनंच सांगितलेलं.

आमची ही गुडघ्यांनी बेजार, म्हणून पशुपतिनाथाच्या यात्रेला मी एकटाच निघालो होतो. निघायच्या चार दिवस आधी उर्मीचा फोन आला. तिच्या आवाजात हसू होतं. यात्रेचं विमान नेमकं तिच्याच वाट्याला आलं होतं. मी हिला हाक मारली, फोन हिच्याकडे दिला, परत घेतला. तेव्हा उर्मी म्हणाली, “पण एक ऐका आबा. विमानात कुणाला सांगू नका, मी तुमची मुलगी म्हणून.”

मी विचारलं का. ती म्हणाली, नंतर सांगेन, आत्ता फक्त शब्द द्या. मी दिला.

दिला खरा, पण मनात कुसळ राहिलं. खोटं कशाला बोलू. तिच्या नोकरीतली माणसं मोठ्या शहरांतली, मोठ्या शाळांतली. नवऱ्याकडचे लोक पुण्याचे, डॉक्टर-इंजिनिअर. बाप लाल गाडीचा ड्रायव्हर होता हे चारचौघांत कळू नये असं तिला वाटत असेल, तर त्यात तिचं फार चुकलं असं मी म्हणणार नव्हतो. पण वाटायचं ते वाटतंच. विमानात चढताना पुढची ती बारीक खोली उघडी होती. डाव्या खुर्चीत मला तिची पाठ दिसली, पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, कानांवर ते यंत्र. मी क्षणभर थांबलो. मागचे लोक ढकलत होते. ती वळली नाही. मी पुढं सरकलो आणि आपल्या जागेवर जाऊन बसलो.

पण राग धरून बसावं असा तो प्रवास नव्हता. खाली नाशिक गेलं असेल, इंदूर गेलं असेल, मला काय कळणार. सोळाशे किलोमीटर. आमच्या गाडीनं निघालो असतो तर वाटेत दोनदा ड्रायव्हर बदलावा लागला असता. इथं चहा येऊन गेला, नाष्टा येऊन गेला, आणि ताटातली वाटीसुद्धा हलली नाही. सबनीस वकील फिरलेले गृहस्थ होते, सिंगापूर, बँकॉक, सगळं पाहिलेलं. तेही मालतीबाईंना म्हणाले की, बाईचा हात हलका आहे. मी मान डोलावली, जसा काही मला त्याच्याशी देणंघेणं नाही. आतून मात्र मला उठून उभं राहावंसं वाटत होतं.

मग डाव्या बाजूला हिमालय दिसला. सगळे तिकडं झुकले. पांढरी शिखरं ढगांतून वर आलेली, उन्हात लखलखत होती. मालतीबाईंनी हात जोडले. मागं कुणीतरी आरती सुरू केली. तेवढ्यात पट्टे बांधायची सूचना झाली आणि विमान त्या ढगांत शिरलं.

आत शिरल्यावर खिडकीबाहेर काही राहिलं नाही. नुसतं करडं. विमान डावीकडे, उजवीकडे हिसके खाऊ लागलं. काचेवर पाण्याच्या रेघा आडव्या पळू लागल्या. आरती थांबली. मला माझा घाट आठवला. आंबोलीत धुकं उतरलं की असंच व्हायचं, समोरची काच म्हणजे पांढरी भिंत. आम्ही खाली उतरत होतो हे कानांना कळत होतं. खाली, खाली, आणि मग एकदम इंजिनांनी मोठा आवाज केला. पाठ खुर्चीत रुतली. विमानानं नाक वर केलं आणि ते जीव खाऊन वर चढू लागलं. बायका ओरडल्या. कुणीतरी पशुपतिनाथाचा धावा केला. मालतीबाईंनी नवऱ्याचा दंड धरला होता.

आम्ही पुन्हा उन्हात आलो. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, मघासारखाच. धावपट्टी हवी तितकी दिसली नाही म्हणून विमान परत वर घेतलंय. काळजीचं कारण नाही. ढग सरकतात का ते पाहू. आम्ही त्या शिखरांसमोर गोल गोल फिरत राहिलो. मघाशी ज्यांनी हात जोडले तेच आता त्यांच्याकडे पाहीनात. मग परत आवाज आला. काठमांडूत वादळी पाऊस आहे, इंधन राखून ठेवणं गरजेचं आहे, आपण लखनौला जात आहोत.

घाबरलेला माणूस आधी गप्प बसतो. बोलायला लागला तो लखनौत, चाकं जमिनीला लागल्यावर.

लखनौत आम्हाला विमानातून उतरू दिलं नाही. दारं उघडून ठेवली होती, पण बाहेर उत्तरेतला वैशाख तापलेला. आत गरम हवा यायची, वाऱ्याचा पत्ता नव्हता. तेल भरायची गाडी आली, गेली. लोकांनी मोबाइल काढले. आणि मागच्या रांगेतल्या एका कापडदुकानदाराला बातमी लागली की, त्याचा मेहुणा दिल्लीहून दुसऱ्या विमानानं निघाला होता तो काठमांडूत उतरून हॉटेलात पोचला सुद्धा.

झालं. त्या एका बातमीनं विमान पेटलं. तो मेहुणा आमच्या आधी, पाऊस यायच्या आत उतरला होता हे नंतर कळलं, पण तेव्हा ते विचारायचं कुणाला भान होतं. दुसऱ्याला उतरता येतं तर आम्हाला का नाही? कुणी म्हणालं की, कंपनी नवशिक्यांना पाठवते. कुणी म्हणालं, दर्शनाचा मुहूर्त चुकला, याला जबाबदार कोण. कापडदुकानदार मोठ्यानं म्हणाला की, तिकडं पुरुष होता म्हणून उतरला, इकडं बाई, ती घाबरली आणि पळून आली. दोघं-तिघं हसले. पंजाबी हवाई सुंदरी पाण्याचे पेले घेऊन फिरत होती, तिलाही लोकांनी सोडलं नाही.

मी खाली मान घालून बसलो होतो. शब्द दिलेला होता. आणि आता तर तो पाळणं सोपं होतं. मघाशी सगळे वाहवा करत होते तेव्हा तोंड बंद ठेवणं जड गेलं होतं. आता कुणाला कळावं असं काही उरलंच नव्हतं. गप्प बसलो असतो तर सगळ्यांबरोबर मीही एक वैतागलेला म्हातारा यात्रेकरू, एवढंच.

सबनीस वकील इतका वेळ शांत होते. घाम पुसून त्यांनी पेपरची घडी केली आणि माझ्याकडे वळून, अगदी सहज, मित्राला सांगावं तसं म्हणाले, “शेवटी बाईचं काळीज हो. ऐन वेळी कच खाल्ली.”

माझा हात आपोआप पट्ट्याकडे गेला. तो मघाशीच सुटलेला होता. मी उठलो. सामानाच्या कप्प्याला डोकं लागलं. तसाच वाकून उभा राहिलो आणि म्हणालो, “वकीलसाहेब, ती माझी मुलगी आहे.”

त्यांना कळलं नाही. म्हणाले, “कोण?”

“कॅप्टन. उर्मिला नलवडे. मी आप्पासो नलवडे, गडहिंग्लज डेपोला ड्रायव्हर होतो.” माझा आवाज वाढला असावा, कारण मागच्या रांगा गप्प झाल्या. “आता तिला जे म्हणायचंय ते मला म्हणा. ती पुढं कामात आहे.”

इतकं बोलून मी खुर्चीची पाठ धरली. आयुष्यभर पन्नास-पन्नास माणसं पाठीशी घेऊन गाडी चालवली, पण त्यांच्याकडे तोंड करून बोलायची वेळ कधी आली नव्हती. ते काम कंडक्टरचं.

कापडदुकानदार उभा राहिला. तो म्हणाला की, मग तुम्हीच जाऊन सांगा तुमच्या मुलीला, बाकीचे उतरवतात तसं उतरव म्हणून. मी त्याला म्हटलं, “नाही सांगणार.” मग मला वाटलं की कारण द्यायला हवं. मी सांगितलं की आंबोलीच्या घाटात धुकं आलं की मी गाडी कडेला घेऊन थांबायचो. पुढचं दिसेपर्यंत हलवायचो नाही. लोक तेव्हाही बोलायचे. कुणाची कोर्टाची तारीख, कुणाचं लग्न, कुणाचं पोर दवाखान्यात. सगळ्यांचं खरंच असायचं. मी ऐकून घ्यायचो आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचो. “मला निदान थांबता येत होतं,” मी म्हटलं. “तिच्या गाडीला कडेला घेऊन थांबता येत नाही. तिला एकच करता येतं, परत फिरणं. ते तिनं केलं.”

वकील माझ्याकडे वर बघत होते. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. पण वकील ते वकील. म्हणाले, “तुम्ही वडील आहात, नलवडे. तुम्ही असंच म्हणणार.”

“हो,” मी म्हटलं, “म्हणणारच.” आणि खाली बसलो.

लगेच सगळं बदललं असं नाही. मागं कुजबूज चालूच राहिली. कापडदुकानदार मेहुण्याला फोन लावून तावातावानं बोलत होता. पण मालतीबाईंनी नवऱ्याला उठवलं, स्वतः मधल्या खुर्चीत येऊन बसल्या आणि पर्समधून आवळासुपारीची डबी काढून माझ्यापुढं धरली. मला विचारू लागल्या की उर्मिला लहानपणी कशी होती, आई कुठं असते, मुलंबाळं किती. मी सांगत गेलो. सकाळपासून जे दाबून ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं. सांबऱ्याचं कुंपण, फ्लाइंग क्लब, पडलेल्या परीक्षा. पुढच्या रांगेतल्या दोन बायका मान वळवून ऐकत होत्या. एकीनं तर मागं निरोप दिला की, अगं, गडहिंग्लजची पोरगी आहे.

आणि मग ती स्वतः बाहेर आली.

पुढचं दार उघडलं आणि उर्मी टोपी न घालता, शर्टाच्या बाह्या सारख्या करत, मधल्या वाटेत येऊन उभी राहिली. कपाळावर घाम होता. तिनं आधी हिंदीत आणि मग मराठीत सांगितलं की, काठमांडूतला पाऊस सरकतोय, चारच्या सुमाराला तिथं मोकळं होईल असा अंदाज आहे, आपण त्या बेतानं निघू. उशीर झाला, गरम होतंय, त्याबद्दल मला वाईट वाटतं. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

विमानात सगळ्यांना माहीत झालं होतं. फक्त तिला माहीत नव्हतं. माणसं एकदा तिच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे. तिच्या लक्षात आलं की काहीतरी वेगळं आहे. शिव्यांची तयारी करून आलेली असणार ती, आणि समोर ही नुसती टकामका बघणारी तोंडं. तिची नजर माझ्यावरून सरकली, थांबली नाही. शब्द ती तिच्या बाजूनं पाळत होती.

कापडदुकानदारानं विचारलं, “आणि पुन्हा दिसलं नाही तर?”

“तर पुन्हा परत यायचं,” ती म्हणाली.

“पुन्हा लखनौ?”

“हो. पुन्हा लखनौ.”

तिनं आवाज चढवला नाही, समजूतही घातली नाही. उत्तर दिलं आणि दुसरा कुणी काही विचारतोय का म्हणून थांबली. मग ती आत गेली. दार लागलं. मालतीबाई पुटपुटल्या की, वाटत नाही हो घाबरणाऱ्यातली. वकिलांनी पेपर उघडला. पण ते वाचत नव्हते, एवढं मला दिसत होतं.

तीनच्या सुमाराला विमान उडालं. या खेपेला कुणी आरती म्हटली नाही, कुणी गप्पाही मारल्या नाहीत. ढग होते, पण फाटलेले. त्यांच्या भोकांतून खालचे डोंगर हिरवे दिसत होते, ओले. विमान एका दरीत वळलं, पंख खाली गेला आणि माझ्या खिडकीत घरं आली. लाल विटांची, दाटीवाटीनं बसलेली. मला वाटलं, इतक्या जवळ डोंगर आणि त्यांच्यामधून ही वाट. मघाशी यातलं काहीही दिसत नव्हतं, आणि ती खाली आली होती, आणि परत वर गेली होती. तोवर चाकं टेकली. इतकी हलकी टेकली की मालतीबाईंना कळलंच नाही. त्या विचारत होत्या, आलं का?

मागून टाळ्या आल्या. सगळ्यांनी वाजवल्या नाहीत. सबनीस वकिलांनीही नाही. पण उतरताना त्यांनी वरच्या कप्प्यातून माझी पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “आम्ही थांबतो, नलवडे. तुम्ही आधी उतरा.” मला वाट करून देत ते रांगेत बाजूला उभे राहिले, आणि त्यांच्या मागचे सगळे थांबले.

त्या दिवशी इतका उशीर झाल्यानं उर्मीच्या कामाचे तास संपले होते. नियमानं तिला परतीचं विमान नेता येत नव्हतं, म्हणून तिचा मुक्काम काठमांडूतच पडला. संध्याकाळी ती आमच्या हॉटेलवर आली. साधा निळा कुर्ता, केस मोकळे. गच्चीवर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या, तिथं आम्ही चहा घेऊन बसलो. समोर डोंगरांवर अजून ऊन होतं आणि खाली गल्लीत घंटा वाजत होत्या.

मी विचारलं, “पहिल्यांदा खाली आलो तेव्हा धावपट्टी दिसलीच नव्हती का?”

“दिसली होती,” ती म्हणाली. “क्षणभर दिसली. मग गेली.” पेला दोन्ही हातांत फिरवत ती पुढं म्हणाली, “उतरता आलंही असतं, आबा. कदाचित. शेजारी बसलेला मुलगा म्हणत होता की दिसतेय, दिसतेय. पण कदाचित म्हणून उतरायचं नसतं.”

“भीती वाटली?”

“तेव्हा नाही. तेव्हा हाताला काम असतं. लखनौकडे वळल्यावर वाटली. मागं तुम्ही बसला होता. परत फिरलं की लोक काय काय बोलतात, मला माहीत आहे. बाई असली की जास्तच बोलतात. मी दाराआड असते, मला ऐकू येत नाही. पण तुम्ही त्यांच्यात बसून ऐकणार. आणि तुम्ही माझे वडील आहात हे त्यांना कळलं, तर ते तुमच्या तोंडावर बोलणार. म्हणून म्हटलं होतं, कुणाला सांगू नका.”

मी चहाचा पेला खाली ठेवला. चार दिवस मी जे मनात धरून बसलो होतो, ते तिला सांगायचं कारण नव्हतं. मी सांगितलं नाही. मी फक्त म्हणालो, “मी सांगितलं.”

ती वळली. “कधी?”

“लखनौत. लोक बोलायला लागल्यावर.”

“आधी नाही? वर असताना, सगळं नीट चाललं होतं तेव्हा?”

“तेव्हा शब्द दिलेला होता,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, लहानपणी हसायची तसं, खांदे हलवत. म्हणाली, तरीच सगळे तसे बघत होते, मला वाटलं माझ्या शर्टावर काहीतरी सांडलंय. हसता हसता तिनं तोंड दुसरीकडे केलं आणि कुर्त्याच्या बाहीनं डोळे पुसले. तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो. त्याच पाठीकडे सकाळी मी दारातून पाहिलं होतं, पण आता ते मनातही आलं नाही. खाली मालतीबाई जिना चढून येताना दिसल्या. त्यांना कॅप्टनबरोबर फोटो काढायचा होता, आणि त्यांच्यामागून सबनीस वकील, इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विमान घेऊन मुंबईला गेली. आम्ही दर्शनाला निघालो. देवळाच्या वाटेवर रुद्राक्षांच्या दुकानापाशी मी हिला फोन लावला. हिला उर्मीनं काहीच सांगितलेलं नव्हतं. एवढंच कळलं होतं की, आम्हाला पोचायला फार उशीर झाला. ही पहिल्यापासून विमानाला भ्यालेली, रात्रभर झोपली नव्हती. जेवलात का, थंडी आहे का, असं सगळं विचारून झालं. मग तिनं तो प्रश्न विचारला जो तिला पहिल्यांदा विचारायचा होता.

“अहो, आणि ती चालवते कशी?”

माझ्याभोवती यात्रेची माणसं होती. कापडदुकानदार बायकोसाठी माळ निवडत होता. मी बाजूला गेलो नाही.

“घाटात समोरचं दिसेना,” मी मोठ्यानं सांगितलं, “तशी गाडी परत फिरवली तिनं.”

“म्हणजे?” ही घाबरून म्हणाली. “नीट येत नाही का तिला?”

“म्हणजे,” मी म्हटलं, “माझ्यापेक्षा चांगली चालवते.”